धुरपताबाईंचे कान आणि माझा आवाज

मित्रांनो, भात शिजल्याचा वास येणाऱ्या एका घरात, समोरच्या खोलीच्या भिंतीवर टांगलेला मी एक टीव्ही आहे. माझ्या वयाची मुलं अजून शाळेत जातात, पण आमच्यात एवढ्या वयाला म्हातारपण म्हणतात. पडद्याच्या कोपऱ्यात काळपट डाग पडला आहे. पाठीमागे पालींचा संसार आहे. धानाचा बारीक कोंडा कितीही पुसला तरी माझ्या स्पीकरच्या जाळीत बसतोच. थकलो आहे मी. तरी एक गोष्ट सांगितल्याशिवाय भंगारात जायचं मनात नाही.

दूरच्या एका कारखान्यात माझी जुळणी झाली. हातमोजे घातलेल्या एका बाईंनी माझा आवाज ऐकला आणि ‘ठीक’ असा शिक्का मारला. त्या शिक्क्याचा मला फार अभिमान होता. मग गोंदियाच्या दुकानातून टेम्पोनं मी सौंदडजवळच्या या गावात आलो, केवळरामभाऊ नावाच्या शेतकऱ्याच्या घरी. त्यांच्या आई धुरपताबाईंनी मला कुंकू लावलं. इंटरनेटवाला टीव्ही पाहायला गल्लीतली माणसं चपला काढून आत यायची. कौतुकाचे दिवस होते ते.

क्रिकेट दाखवलं, बातम्या दाखवल्या, मालिका दाखवल्या. पण खरं सांगू? मला कीर्तनासारखं काहीच आवडलं नाही. मालिकेत चार माणसं रोज संध्याकाळी एकमेकांशी खोटं बोलतात. कीर्तनात बुवा एकच ओळ हातात घेतात, तिला उलटीसुलटी करून दाखवतात, मध्येच हसवतात, आणि मृदंग उठला की माझी पाठसुद्धा थरथरते. धुरपताबाईंचंही तसंच. दुपारी सगळे शेतावर गेले की त्या माझ्यासमोर बसायच्या. गावच्या महिला भजन मंडळात पहिला टाळ त्यांचा. हरिनाम सप्ताहात काल्याच्या दिवशी साऱ्या बाया त्यांच्या टाळावर चालतात.

यंदा धानाच्या कापणीत त्यांचा भाचा ओमेश आला. मागच्या वर्षीच्या सप्ताहाचं शूटिंग त्यानंच केलं होतं. ते पेनड्राईव्हवर भरून त्यानं मावशीला दिलं. “यंदाच्या सप्ताहाआधी पाहून घ्या,” म्हणाला आणि गेला.

तिथून माझे वाईट दिवस सुरू झाले. त्या शूटिंगमध्ये आवाज अशा पद्धतीनं भरला होता की तो मला उलगडताच येत नव्हता. चित्र यायचं, आवाज नाही. मी माझ्या परीनं सांगत होतो. पडद्याच्या खाली बारीक इंग्रजी अक्षरांत एक ओळ उमटायची आणि पुसून जायची. धुरपताबाईंना ती जाहिरात वाटायची.

दुपारी एकट्या असताना त्या तेच लावून रिमोटनं माझा आवाज वाढवत जायच्या. तीस, साठ, शंभर. काही नाही. मग तसंच मला बंद करून टाकायच्या. संध्याकाळी नातू विक्की कॉलेजातून येऊन क्रिकेट लावायचा आणि घर हादरायचं. गोठ्यातली गाय उठून उभी राहायची.

“आजी, शंभरावर आवाज ठेवतेस तू.”

“मले त काहीच नाही आलं ऐकू, बापा.”

“तुले नसन आलं. अख्ख्या गावाले आलं.”

असं रोज होऊ लागलं. केवळरामभाऊंनी माझा प्लग काढून पुन्हा लावला. विक्कीनं सेटिंगमध्ये जाऊन सगळं उलथंपालथं केलं. दोनदा माझ्या गालावर चापटही बसली. शेवटी एकदा धुरपताबाई घरात नसताना दुरुस्तीवाला आला. त्यानं बातम्या लावल्या. माझा आवाज घंटेसारखा खणखणीत.

“टीव्ही एकदम बढिया आहे, काकाजी,” तो म्हणाला. “माताजींचे कान चेक करा.”

मी निर्दोष सुटलो, पण मला आनंद झाला नाही.

त्या दिवसापासून घरातले धुरपताबाईंशी ओरडून बोलू लागले.

“कायले ओरडून राहिले? तुमचं बोलनं येते ना मले ऐकू.”

“ओठ पाहून समजते तुले, माय,” केवळरामभाऊ म्हणाले. “मळणी झाली की गोंदियाले नेतो. मशीन लावून देऊ कानाले.”

मग धुरपताबाई स्वतःच शंका घेऊ लागल्या. कोंबडा आरवला की सुनेला विचारायच्या, “आरवला का वो?” आपण ऐकलेलं खरं की मनातलं, हेच त्यांना कळेना. एक दिवस त्यांनी टाळ जुन्या लुगड्याच्या तुकड्यात बांधला आणि मंडळातल्या फुलवंताबाईंना बोलावून घेतलं.

“यंदा पहिला टाळ तू धर. माह्या ताल सुटला त साऱ्या जनी सुटतीन.”

फुलवंताबाईंनी पुडक्याला हात लावला नाही. “मले नाही जमत तुह्यासारखा. आधी मागच्या सालचं दाखव, तू कसा धरतेस ते.”

दोघी माझ्यासमोर बसल्या. मंडप दिसला, बुवा दिसले, धुरपताबाईंचे हात दिसले. फुलवंताबाईंनी थोडा वेळ वाट पाहिली.

“आवाज वाढव ना, बाई.”

“शंभरावर आहे. तुले येऊन राहिला असन.”

फुलवंताबाई उठल्या. त्यांनी माझ्या जाळीला कान लावला. मग हळूच मागे वळल्या.

“बाई, मलेबी नाही येत. मीबी बहिरी झाली का वो?”

“माह्याशी त बोलून राहिली तू.”

“हो ना.”

“मंग?”

दोघी एकमेकींकडे पाहत राहिल्या आणि अशा हसल्या की धुरपताबाईंच्या डोळ्यांतून पाणी आलं. ते पाणी नुसतं हसण्याचं नव्हतं.

फुलवंताबाईंनी खळ्यावरच्या केवळरामभाऊंना हाक मारून आत बोलावलं, विक्कीलाही बसवलं. “बसा इथं. पाहा.” इतक्या दिवसांत त्या पेनड्राईव्हसमोर घरातलं दुसरं कुणी पहिल्यांदाच बसलं होतं. मी पुन्हा ती ओळ दाखवली. विक्कीनं वाचली. त्याची मान खाली गेली.

“आजी, आवाजाचा हा फॉरमॅटच चालत नाही यावर. लिहून आहे ना इथं.”

केवळरामभाऊ आईकडे वळले. मग सवयीनं मोठ्यानंच म्हणाले, “माय, कान चांगले आहेत तुह्ये.”

“हळू बोल, केवळ. बहिरी नाही मी.”

विक्की पेनड्राईव्ह घेऊन ओमेशकडे गेला आणि आवाज नीट करून आणला. माझ्यातून टाळ वाजला तेव्हा धुरपताबाईंनी एकच अभंग ऐकला आणि मला बंद केलं. “पुरे. आता तालीम.” लुगड्याच्या तुकड्याची गाठ सोडून त्यांनी टाळ बाहेर काढला.

काल्याच्या दिवशी घरात कुणीच नव्हतं. मी भिंतीवर काळा पडदा घेऊन होतो. देवळाच्या भोंग्यातून भजन आलं. सगळ्यांच्या पुढे एक टाळ होता, आणि बाकीचे त्याच्यामागून.

मित्रांनो, माझा आवाज गेला की तुम्ही माझे प्लग तपासता, वायरी हलवता, रिमोटचे सेल बदलता. खुशाल तपासा. पण माझ्यासमोर एकटं बसलेलं म्हातारं माणूस ‘ऐकू येत नाही’ म्हणालं, तर त्याच्या कानांबद्दल काही ठरवण्याआधी एक अभंग संपेल एवढा वेळ त्याच्या शेजारी बसा. माझं काय, मला अधूनमधून कोरड्या फडक्यानं पुसलंत तरी भागेल.