थोरल्या सवतीच्या पोटातील टकटक

वाचकहो, एका वयोवृद्ध मालमोटारीच्या उदरात उत्पन्न झालेली गूढ टकटक, तिच्यापायी एका सज्जन चालकावर ओढवलेला कठीण प्रसंग आणि त्या टकटकीचे मूळ ज्या चमत्कारिक कारणाने दडून राहिले ते कारण, या सर्वांचे निवेदन प्रस्तुत कथेत यथामती करण्यात येणार आहे. तरी वाचकांनी ते स्वस्थ चित्ताने वाचावे, ही नम्र विनंती.

सदर ट्रकच्या मालकाला सर्वजण सबुरीभाऊ म्हणत. मागून कोणी कितीही भोंगा वाजवला, तरी हा गृहस्थ आरशात पाहून "सबुरी, सबुरी" एवढेच पुटपुटत असे. ट्रक त्याने लग्नाच्या आधी घेतला होता. त्यामुळे त्याची पत्नी त्या गाडीला "माझी थोरली सवत" म्हणे आणि नवऱ्याला जेवायला उशीर झाला की सवतीच्या नावाने भांडी आपटी.

अशा त्या थोरल्या सवतीच्या पोटात एके दिवशी टकटक सुरू झाली. आत कोंडलेला सुतार हातोडीने दार ठोठावतो आहे, असा तो आवाज होता. तो मनात येईल तेव्हा येई आणि मनात येईल तेव्हा जाई. सबुरीभाऊच्या तोंडचे पाणी पळाले.

त्याने गॅरेज गाठले. तेथील वृद्ध मिस्त्रीला सारा रस्ता उस्ताद म्हणे. येथे एक गोष्ट सांगणे अगत्याचे आहे. सबुरीभाऊला ज्या गुरूने गाडी शिकवली, त्याने एक शिस्त घालून दिली होती : पाहुण्यापुढे जसे पारोसे जाऊ नये, तसे उस्तादापुढे थंड इंजिन नेऊ नये. त्यानुसार सबुरीभाऊ गॅरेजबाहेर ट्रक उभा करी, इंजिन चांगले घटकाभर चालू ठेवी आणि मगच अदबीने आत जाऊन उस्तादाला बोलावी. उस्ताद हात पुसत बाहेर येई, तो ट्रक एखाद्या गरीब गाईप्रमाणे मंद घुरघुरत असे. टकटकीचा मागमूस नसे.

"कुठाय रे तुझी टकटक?"

"आत्ता होती हो, उस्ताद! शपथेवर सांगतो."

"शाळेच्या वेळेला पोट दुखतं न् डॉक्टर दिसला की थांबतं, तसली गाडी आहे ही."

असे एकदा नव्हे, वारंवार घडले. शेवटी उस्ताद वैतागून म्हणाला, "मग असं कर, तोंडानं काढून दाखव."

सबुरीभाऊने गाल फुगवून, जिभेने टाळूवर आघात करून, तो आवाज शक्य तितक्या प्रामाणिकपणे काढला. उस्तादाने डोळे मिटून तो ऐकला आणि त्याचा चेहरा गंभीर झाला.

"ऐकून तर पिस्टनच्या दांड्याचं बेअरिंग गेल्यासारखं वाटतंय. इंजिन खोलावं लागेल. आणि खोलून तरी काय? या जातीचे भाग आता बनत नाहीत. उद्या चालत्या गाडीत दांडा तुटला, तर इंजिनाची कूस फाडून बाहेर येईल."

हे वाक्य घरी पोहोचले आणि थट्टा संपली. पत्नीने पदर खोचला. "सवत असली तरी चालेल, पण तुम्हाला घेऊन मरणारी नको," असे तिने ठणकावून सांगितले व त्याच दिवशी आपल्या भावाला निरोप धाडला. हा भाऊ भंगाराचा व्यापारी होता. ट्रक तोडून त्याचे लोखंड करण्याचे ठरले. सबुरीभाऊने मान डोलावली. परंतु त्या रात्री तो ताटावरून उठून ट्रकमध्ये जाऊन बसला. ज्याने उभा जन्म एकाच स्टिअरिंगला धरून काढला, त्याने ते सुटल्यावर हात कोठे ठेवावेत?

ठरलेल्या दिवशी मेहुणा साखळदंड घेऊन यायला निघाला, तेव्हा सबुरीभाऊने त्याला फोनवर सांगितले, "ओढत नेऊ नकोस. तिला तिच्या पायांनी येऊ दे. मी आणतो."

"भावोजी, वाटेत विचार बदलायचा नाही हं!"

"त्याची काळजी नको," नवऱ्याच्या मागून पत्नी ओरडली, "मी बसतेय शेजारी!"

याप्रमाणे ती पतिव्रता प्रथमच सवतीच्या मांडीवर बसून निघाली. रस्त्यावर गतिरोधक पुष्कळ होते. सबुरीभाऊ नेहमीच्या सबुरीने प्रत्येकाला ब्रेक लावी. काही अंतर गेल्यावर पत्नी म्हणाली,

"अहो, तुम्ही ब्रेक दाबला की रडतेय ही."

"काहीतरीच काय! ब्रेकचा आणि इंजिनाचा काय संबंध?"

"मला काय ठाऊक संबंध? लेकीला टोमणा मारला की सून आदळआपट करते, तेव्हा संबंध विचारतं का कोणी? दाबा बघू परत."

त्याने दाबला. क्षणात टकटक सुरू झाली. जरा वेळ सरळ रस्ता मिळाला, तशी थांबली. पुन्हा दाबला, पुन्हा आली. भंगाराची वखार डाव्या हाताला होती. त्याने गाडी उजवीकडे वळवली.

"हे कुठं?"

"बोलू नकोस. ब्रेक मोज."

गॅरेजच्या दारात तो कचकन ब्रेक दाबून थांबला आणि शिस्त, अदब, गुरूची शिकवण सारे विसरून खिडकीतूनच ओरडला, "उस्ताद! पळत या!"

उस्ताद धावत आला आणि जागीच थबकला. टकटक स्पष्ट ऐकू येत होती.

"बंद करू नकोस!" त्याने लांब पेचकस घेतला, त्याचे टोक इंजिनाला व मूठ आपल्या कानाला लावली आणि वैद्य नाडी पाहतो तद्वत तो एकेक ठिकाण तपासू लागला. एवढ्यात आवाज थांबला.

"गेली?" उस्तादाने मान वर केली.

"ब्रेक दाबा!" पत्नीने हुकूम सोडला.

सबुरीभाऊने लागोपाठ ब्रेक दाबले. समोरचा हवेचा दाब दाखवणारा काटा खाली घसरला आणि टकटक परत आली. आता उस्तादाच्या पेचकसाचे टोक इंजिनाच्या बाजूला बसवलेल्या, पातेल्याएवढ्या एका नगावर होते. तो मोठ्याने हसू लागला.

"अरे, कॉम्प्रेसर! तुझ्या ब्रेकसाठी टाकीत हवा भरणारा पंप. हवा कमी झाली की हा कामाला लागतो न् झिजल्यामुळं कण्हतो. टाकी भरली की गप्प. रोग रेड्याला आणि औषध पखालीला! इंजिन ठणठणीत आहे रे तुझं."

"मग तुमच्यासमोर का नाही वाजला कधी?"

"तू मला बोलवायच्या आधी घटकाभर गाडी चालू ठेवून टाकी काठोकाठ भरत होतास, म्हणून! मान देऊन देऊन मारलंस की मला. आणि मीही शहाणा, तुझ्या तोंडाच्या आवाजावर बेअरिंग घालवून बसलो."

सबुरीभाऊचा जीव भांड्यात पडला. इतक्यात मेहुणा स्कूटरवरून शोधत तेथे पोहोचला. खांद्यावर साखळदंड तसाच होता.

"वाटलंच मला! ताई, तुला कशाला बसवलं होतं शेजारी?"

"गप रे," ताई म्हणाली, "तुझ्या वखारीत या जातीची एखादी गाडी आहे का मेलेली?"

"आहे एक कोपऱ्यात. का?"

"तिचा हा पातेल्याएवढा नग काढून आण. आत्ताच्या आत्ता."

"म्हणजे मी ट्रक न्यायला आलो, न् उलट माझाच माल द्यायचा?"

"बहिणीच्या सवतीला आहेर समज."

मेहुण्याने साखळदंड निमूटपणे गॅरेजच्या दाराशी ठेवला आणि स्कूटर वळवली. तिसऱ्या प्रहरी नवा जुना कॉम्प्रेसर बसला. सबुरीभाऊने ब्रेक दाबले, काटा खाली आला, हवा पुन्हा भरू लागली. चौघांनीही कान टवकारले. घुरघुरीखेरीज काहीही ऐकू आले नाही.

पत्नी स्वतःहून वर चढून बसली. "चला आता घरी. आणि जरा लवकर चालवा, भूक लागलीय."

"सबुरी, सबुरी," तो म्हणाला. पण त्या दिवशी, पाहणारे सांगतात, त्याने एका सायकलला मागे टाकले.

येथे ही कथा समाप्त होते. लेखनात काही उणे राहिले असल्यास ते माझे समजावे. अमूल्य वेळ देऊन वाचल्याबद्दल सर्व वाचकांचे अंतःकरणपूर्वक आभार.

आपला नम्र,
चौकातील पंक्चरवाला बापू