जादा थर

नणंद बोलायची आणि वहिनी बघायची, अशी त्या घरच्या धंद्याची वाटणी होती. परदेशात राहणारी माणसं फोनवर सांगायची, मला असा कोट हवा, मला तसे बूट हवेत. नणंद बाजार पालथा घालून, दुकानदारांचं डोकं खाऊन तो माल आणायची. मग घराच्या पुढच्या खोलीत, खिडकीजवळच्या लांब टेबलावर वहिनी तो तपासायची, फोटो काढून गिऱ्हाइकाला पाठवायची, आणि तिकडून होकार आल्यावरच खोक्याला चिकटपट्टी लागायची.

वहिनीची नजर म्हणजे काय विचारता! शर्ट उलटा करून ती शिवण न् शिवण बघे, प्रत्येक बटण ओढून पाही, चेन वर-खाली करकरून चेनच दमून जाई. बुटांची जोडी ती काचेच्या तुकड्यावर शेजारी शेजारी ठेवायची, खाली वाकून डोळे टेबलाच्या पातळीला आणायची आणि मागच्या बाजूने बघायची. किरकोळ दोष स्वतःच दुरुस्त करायची. काढलेला धागा, जादा बटण, वाकडा खिळा, काही म्हणून टाकत नसे. सगळं बिस्किटांच्या एका जुन्या डब्यात जाई. नवरा म्हणायचा, हिने मलासुद्धा पसंत करण्याआधी उलटा करून शिवणी बघितल्या असतील. वहिनी म्हणायची, तिथेच तर घाई झाली.

त्या सकाळी काळ्या बुटांची एक जोडी आली, सोबत राखाडी पँट. माल एका मुलीचा होता. तिला शाळेत शिकवायची पहिलीच नोकरी लागली होती, जुन्या बुटांनी मान टाकली होती आणि पुढच्या आठवड्यात तिला दिवसभर वर्गात उभं राहायचं होतं. खोकं आज संध्याकाळच्या गाडीत चढलं तरच वेळेत पोचणार होतं. एवढं सगळं नणंदेने रंगवून रंगवून सांगितलं, नेमकं सांगायचं तेवढं विसरली आणि पिशवी उचलून बाजारात निघून गेली.

वहिनीने पँट तपासली, चोख होती. मग बूट काचेवर ठेवले, वाकली आणि तिच्या कपाळाला आठी पडली. डाव्या बुटाची टाच उजव्यापेक्षा चांगली अर्ध्या बोटाने उंच. बूट बनवणाऱ्याने एकाच टाचेला दोनदा थर ठोकलेला दिसत होता. आता हे काम इतक्या सफाईने केलेलं होतं, कडेला रंगसुद्धा असा बेमालूम दिलेला होता, की चूक कोणी इतकी मन लावून करत नाही, हे एखाद्याच्या लक्षात आलं असतं. पण हातात सुरी आल्यावर विचार करायला थांबेल ती वहिनी कसली? तिने हलक्या हाताने तो जादा थर सोडवला, खिळे काढले, टाच घासूनपुसून चकचकीत केली. दोन्ही बूट काचेवर ठेवून मागून फोटो काढला आणि अभिमानाने खाली लिहिलं, एक दोष होता, काढून टाकला आहे, आता दोन्ही अगदी सारखे.

दुपारी उत्तर आलं. वहिनीने ते उभ्याउभ्या वाचायला घेतलं आणि मधेच स्टूल ओढून खाली बसली.

‘ताई, माझा डावा पाय जन्मापासून आखूड आहे. टाच मुद्दाम उंच करून घेतली होती. तसे बूट इकडे मनासारखे मिळत नाहीत, म्हणून तुमच्याकडे सांगितले. आता काही होईल का?’

वहिनीने निरोप पुन्हा पहिल्यापासून वाचला. त्या मुलीने रागाचा एक शब्द लिहिला नव्हता, आणि तेच तिला जास्त लागलं. तिने लिहिलं, चूक माझी आहे, न विचारता शहाणपणा केला, बूट होते तसे करून आजच पाठवते, विश्वास ठेवाल का?

‘ठेवते,’ मुलीने लिहिलं. ‘तुम्ही फोटो पाठवलात म्हणून तर कळलं.’

तेवढ्यात नणंद आली. तिने सगळं ऐकलं आणि कपाळावर हात मारला. टाचेचं माप तिने स्वतः बनवणाऱ्याला समजावून दिलं होतं आणि घरात जगभरच्या गप्पा मारताना तेवढंच सांगायचं राहिलं होतं.

“वहिनी, निम्मी चूक माझी,” ती म्हणाली. “तू टाच बघ. गाडीवाला आला की त्याला मी बघते.”

वहिनीने बिस्किटांचा डबा टेबलावर पालथा केला. बटणं गडगडत खाली गेली, आणि त्या पसाऱ्यात थर सापडला, अख्खाच्या अख्खा, खिळ्यांसकट. ज्या डब्यावरून नवऱ्याने आयुष्यभर टोमणे मारले, त्या डब्याला तिने मनातल्या मनात हात जोडले. थर आणि टाच खरवडून दोन्हींना चिकटवायचं सोल्युशन लावलं, ते सुकत येईपर्यंत फुंकर घालत बसली, मग जुन्याच भोकांत खिळे ठोकले आणि वजन म्हणून वर इस्त्री ठेवली. थर घट्ट बसायला वेळ हवा होता, आणि दारात गाडी येऊन उभी राहिली.

मग नणंदेने गप्पांचा जो सपाटा लावला! गाडीवाल्याला चहा दिला, त्याच्या पाठदुखीची चौकशी केली, त्याच्या साडूने जमीन कशी लाटली ते सगळं मुळापासून ऐकून घेतलं. एरवी या बडबडीने वहिनीचे कान किटत. आज भिंतीपलीकडून येणारा तो आवाज ऐकताना तिला वाटलं, देवाने या बाईला जीभ दिली ती आजच्यासाठीच. इस्त्री उचलली, टाच ओढून पाहिली, पुन्हा ओढून पाहिली. हलली नाही. कडेला रंगाचा हात फिरवून खोकं बंद केलं, तेव्हा गाडीवाला दुसरा कप संपवत होता.

पुढचे दिवस वहिनीने कसे काढले ते तिलाच ठाऊक. भाजीत मीठ नाही, आमटीत दोनदा. नवरा मुकाट्याने जेवत होता, त्याबद्दलही तिने त्याचे उपकार मानले.

आणि एका सकाळी त्या मुलीकडून व्हिडिओ आला. रिकामा वर्ग, मागे फळा. मुलगी फळ्यापासून दारापर्यंत चालत गेली, परत आली आणि समोर उभी राहून हसली. खाली लिहिलं होतं, ‘दिवसभर उभी होते, ताई, आणि पाय दुखला नाही. पुढचं जे काही मागवीन, ते तपासायला तुम्हीच घ्या.’

नणंद रडायलाच लागली. वहिनी मात्र रडली नाही. तिने फोन काचेच्या तुकड्याला टेकवून उभा केला, व्हिडिओ शेवटाला थांबवला, खाली वाकली आणि डोळे टेबलाच्या पातळीला आणले. राखाडी पँटचे दोन्ही काठ जमिनीपासून सारख्या उंचीवर होते. खांदेसुद्धा एका रेषेत होते.

“बरोबर आहे,” ती म्हणाली, आणि मग तिला पुढचं काही दिसेना.