पाट्यावरची कळलावी

“लेप लावून सकाळ गेली. आता वाटून पाजू. कुणाला बोलू नगा,” गोजरबाई सुईण ठमाबाईच्या कानाशी लागून म्हणाली. ते दोघींनी ऐकलं. एक, चुलीपुढं बसलेली ठमाबाईची नवी सून संजीवनी. दुसरी मी, पाट्यावर पडलेला कंद.

मी कळलावी बोलतेय. बावड्याच्या ओढ्याकाठी, बोरीच्या जाळीत जन्मले. आमचं कुळ लहान. बरीचशी भावकी समुद्रापलीकडं. पानाचं टोक वळवून बोरीला धरायचं, श्रावणात लाल-पिवळं फुलायचं, थंडीत वरून मरायचं आणि खाली नांगरासारखा वाकडा कंद जपायचा, एवढंच मला येतं.

माणसं लांबूनच ‘काय देखणी’ म्हणत आणि पोरांना हात लावू देत नसत. नव्या नवरीचंही तसंच असतं म्हणा. बघायला गाव लोटतं, बोललेलं कुणाला खपत नाही.

औंदा उसासाठी जाळीवर ट्रॅक्टर फिरला. माझ्या लेकीबाळी फाळाखाली गेल्या. मी उरले, कारण गोजरबाईनं आधीच उकरून आढ्याला टांगलं होतं. तिच्याकडं जुनी रीत : कळा थांबल्या की माझा लेप तळपायाला लावायचा आणि मूल झालं की लगेच धुवायचा. पोटात कधी कुणी घेतलं नव्हतं.

आज आतल्या खोलीत ठमाबाईची लेक प्रतीक्षा कण्हत होती. लेपानं काही झालं नाही. बारामतीच्या दवाखान्यात न्यायचं का, म्हणून संजीवनीच्या सासऱ्यानं विचारून बघितलं.

“तितं पोट फाडत्यात,” ठमाबाई म्हणाली. “पयलीच खेप हाय. न्हाय न्यायची.”

सासरा अंगणात जाऊन बसला. माझ्यावर वरवंटा आला.

ओरडायला मला तोंड नाही. जिला तोंड होतं तिनं या घरात ‘व्हय आत्या’ सोडून काही उच्चारलं नव्हतं. माझं तर संपलंच होतं. मागं रान नाही, बी नाही. जाता जाता कुणाचा जीव नेऊ नये, एवढंच वाटत होतं. पण विषाचं म्हणणं कोण विचारतं?

ठमाबाईनं वाटी उचलली. संजीवनी उठली आणि आतल्या खोलीच्या दारात आडवी उभी राहिली. पदर डोक्यावर, नजर खाली.

“आत्या, आमच्या सांगवीला हे खाऊन शेरडं मेली. म्या बघितलीत. वन्संना पाजायचं आसंल तर आदी मला पाजा. आन् घटकाभर थांबा.”