साठीपुढचा गट

आमच्या धावण्याच्या क्लबात साठीपुढच्या गटाचा कप सलग तीन वर्षं मीच जिंकला, कारण त्या गटात मी एकटाच होतो. यंदा माझा मेव्हणा साठी ओलांडून त्याच गटात आला आणि पाचही शर्यतींत मला मागे टाकून गेला. माझं पित्त खवळलं.

मी सेक्रेटरीला गाठून म्हटलं, "हा साठीचा असेलच कसा? याची थोरली बहीण, म्हणजे माझी बायको, अजून अठ्ठावन्नची आहे!"

सेक्रेटरीने तिथूनच तिला फोन लावला. चाळीस वर्षं माझ्यापासून लपवलेलं वय तिने भावासाठी एका दमात सांगून टाकलं, "चौसष्ट."

मी त्रेसष्टचा आहे. कप मेव्हण्याकडे गेला आणि घरातलं वडीलपण त्याच्या बहिणीकडे.