हॅटीच्या पाठीवर

आमच्या सेज फोर्क गावात मूल चालायला लागलं की दुसऱ्या दिवशी कोणीतरी त्याला उचलून घोड्यावर बसवतं. माझी भाची ट्वायला हिलाही बसवलं होतं. पाच वर्षांची असताना ती शेजारच्या तट्टावरून पडली, कोपर मोडलं, आणि त्यानंतर तिने घोड्यावर बसायचं नावच टाकलं. आईबापांनी सांगितलं, शेजाऱ्यांनी सांगितलं, शाळेतल्या पोरांनी चिडवून पाहिलं. ती सगळ्यांचं ऐकून घ्यायची आणि पायी चालू लागायची. आठव्या वर्षी तिच्या आईने, म्हणजे माझ्या ताईने, रोडिओत, आमच्या उधळत्या घोड्यांवर बसायच्या जत्रेत, लहान पोरांच्या मेंढीवर बसायच्या शर्यतीत तिचं नाव घातलं, तर दार उघडायच्या आधीच ही बया मेंढीवरून उतरली, मेंढीच्या डोक्यावरून हात फिरवला, कुंपण ओलांडलं आणि घरी निघून गेली.

मी गावातला न्हावी. जुलैत रोडिओ भरला की माइकवर बोलायचं कामही माझ्याकडेच असतं. वर्षभर खुर्चीत बसवून एकेकाला जे ऐकवतो तेच मी तेव्हा सगळ्यांना एकदम ऐकवतो, असं लोक म्हणतात.

ट्वायलाचे वडील ऑरिन, म्हणजे माझे दाजी, रोडिओंना घोडे पुरवणाऱ्या म्हाताऱ्या बर्डेटची जनावरं हिवाळ्यात सांभाळायचे. उन्हाळाभर गावोगावच्या स्वारांना पाडून दमलेले घोडे हिवाळ्याच्या तोंडावर ट्रकमधून यायचे आणि दाजींच्या नदीकाठच्या कुरणात खाऊन गुबगुबीत व्हायचे. त्यांत एक करडी घोडी होती, हॅटी. बर्डेटने तिला आपल्या मावशीचं नाव दिलं होतं, कारण ती मावशी आपल्या बैठकीतल्या खुर्च्यांवर कोणालाही बसू देत नसे. घोडी नावाला जागली. तिच्या पाठीवर स्वारीचे ठरलेले आठ सेकंद काढणं भल्याभल्यांना जमलं नव्हतं, आणि आमच्या गावाला या गोष्टीचा अभिमान होता. बाहेरगावचा स्वार आला की पोरं आधी विचारायची, "हॅटी मिळाली का तुम्हाला?"

फेब्रुवारीत एका दुपारी मी दाजींचे केस कापायला त्यांच्या घरी गेलो होतो. दाजी स्वयंपाकघरात खिडकीपाशी टॉवेल गुंडाळून बसले होते, ताई ओट्याशी पावाची कणीक मळत होती. मी सहज बाहेर पाहिलं. कुरणात बर्फ पडलेलं, आणि त्या बर्फातून हॅटी संथ चालत होती. तिच्या पाठीवर लाल टोपी घातलेली एक मुलगी आडवी पडली होती, दोन्ही गाल घोडीच्या आयाळीत खुपसून. खोगीर नाही, लगाम नाही.

"दाजी," मी म्हणालो, "ती पोरगी..."

"दिसतेय मला."

"अहो, ती हॅटी आहे."

"आधी कात्री खाली ठेव. माझा कान आहे तिथे."

मी कात्री ठेवली. ताई कणकेवरून मान वर न करता म्हणाली, "नाताळाच्या आधीपासून चाललंय. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझ्या हातातून साखरेचा डबा पडला. आता रोज बघते आणि रोज कणीक जरा जास्तच मळते."

"मग थांबवत का नाहीस?"

"इतकी वर्षं सगळ्यांनी मिळून तिला घोड्यावर बस, घोड्यावर बस म्हणून छळलं. आता बसलीय तर उतर म्हणू?"

थोड्या वेळाने ट्वायला आत आली. नाक लाल, मोजे ओले. चुलीपाशी बसून ती बोटं शेकायला लागली.

"काय गं, भीती नाही वाटत?" मी विचारलं.

"कशाची?"

"पडायची."

तिने जरा विचार केला. "बाकीच्या घोड्यांवर सगळे मला बस म्हणतात. हॅटीवर कोणी म्हणत नाही. मी तिला गवत घालायचे, ती कुंपणाला टेकून उभी राहायची. एकदा फार गारठा होता. तिची पाठ गरम असते, मामा."

"बस, एवढंच?"

"एवढंच. ती मला काही करायला सांगत नाही, मी तिला काही सांगत नाही." मग ती माझ्याकडे रोखून बघायला लागली. "तू दुकानात बोलू नकोस हं. बर्डेटआजोबांना कळलं तर ते म्हणतील घोडी मऊ झाली. मग विकून टाकतील तिला."

न्हाव्याला गप्प बसायला सांगणं म्हणजे कुत्र्याच्या नाकावर बिस्कीट ठेवून थांब म्हणण्यासारखं. पण मी गप्प बसलो. दुकानात हॅटीचा विषय निघाला की मी गिऱ्हाइकाच्या तोंडाला साबण फासायचो, म्हणजे त्याचंही बोलणं बंद.

जुलैत रोडिओ आला, आणि त्यासाठी बर्डेटची जनावरं काही दिवस पुन्हा दाजींच्या कुरणात उतरली. शेवटच्या दिवशी ट्वायला माझ्याबरोबर मचाणावर बसली होती. आमचं मचाण घोडे सोडायच्या दारांच्या बरोबर वर आहे, तिथून सगळं रिंगण दिसतं. खाली माणसं हॅटीच्या कमरेला पट्टा आवळत होती. तो पट्टा बसला की घोडे उधळतात.

"मामा, पट्टा दुखतो का तिला?"

"बाबा काय म्हणतात?"

"बाबा म्हणतात गुदगुल्या होतात. पण मला गुदगुल्यासुद्धा आवडत नाहीत."

मी माइक उचलून स्वाराचं नाव पुकारलं. आयडाहोचा रॉइस अमंडसन, विशीतला उंच पोरगा, त्या हंगामात फार कमी वेळा पडलेला. या प्रकारात खोगीर नसतं, घोड्याच्या पाठीवर आवळलेल्या कातडी मुठीत एक हात घालून धरायचं. दार उघडलं. हॅटी बाहेर आली ती हवेतच. पहिल्या दोन उड्यांना अमंडसन टिकला, तिसरीला त्याची टोपी गेली आणि चौथीला तो स्वतः. लोकांनी टाळ्या वाजवायला हात उचलले, आणि तसेच थांबले.

त्याचा हात मुठीत अडकला होता. तो पडला होता, पण जमिनीवर नाही. घोडीच्या कुशीला लोंबकळत होता आणि तिच्या खुरांजवळ त्याचे पाय फरफटत होते. अंगाला काहीतरी चिकटलंय म्हणून हॅटी बिथरली. रिंगणातले दोन मदतनीस घोडेस्वार तिला दोन्ही बाजूंनी गाठायला गेले, तशी ती आणखी उधळली, गर्रकन फिरून पळत सुटली. मी माइक तोंडाशी धरून नुसताच उभा होतो.

ट्वायलाने माझ्या हातातून माइक ओढला.

"हॅऽटी," ती म्हणाली. ओरडली नाही. गवत घालताना बोलवायची तशी, खालच्या सुरात, लांबवून. "ये गं बाई. ये, ये."

रिंगणाभोवतीच्या सगळ्या खांबांवरच्या भोंग्यांतून तो आवाज एकदम आला. हॅटी थबकली. एक कान इकडे गेला, एक तिकडे. पोरगी नेमकी आहे कुठे, हे तिला कळेना. ती रिंगणाच्या मधोमध उभी राहून मान वळवून वळवून बघायला लागली.

"बोलत राहा," मी पुटपुटलो.

"अशीच थांब हं," ट्वायला माइकमध्ये म्हणाली. "तो माणूस वाईट नाहीये. त्याचा हात अडकलाय फक्त. ते घोडेवाले काकापण वाईट नाहीत. ते हात सोडवतील, मग तुझा पट्टा काढतील. मग आपण नदीवर जाऊ, परवा गेलो होतो तसं. मी तुझ्या पाठीवर झोपेन आणि तू पाणी पी."

एक मदतनीस हळूच जवळ सरकला. त्याने अमंडसनला कवेत उचललं, दुसऱ्याने मूठ सैल केली. हात सुटला. हॅटीने सुस्कारा टाकला, तोही मला वाटतं भोंग्यातून आल्यासारखा सगळ्यांना ऐकू आला, इतकी शांतता होती. मग सगळं गाव उभं राहिलं. ट्वायलाला तेव्हा कुठे कळलं की आपण काय काय बोलून बसलो. ती टेबलाखाली शिरली.

जरा वेळाने शिडी करकरली आणि धापा टाकत म्हातारा बर्डेट मचाणावर आला. त्याने टेबलाखाली वाकून पाहिलं.

"नदीवर कोण जातं?"

"मी."

"कशी?"

"हॅटीच्या पाठीवर."

"लगाम?"

"नाही घालत."

त्याने माझ्याकडे पाहिलं. "तुला माहीत होतं?"

"मी आपला केस कापतो," मी म्हणालो.

म्हातारा खुर्चीवर बसला आणि पोट धरून हसायला लागला. "माझ्या मावशीकडे एक मांजर होतं," तो म्हणाला. "त्या खुर्च्यांवर तेवढंच बसायचं."

टेबलाखालून आवाज आला, "विकणार का तुम्ही तिला?"

"कशाला विकू? एवढ्या धट्ट्याकट्ट्या पोराला आत्ता चार उड्यांत उडवलं तिने. मला तरी ती मऊ झालेली दिसली नाही."

संध्याकाळी अमंडसन हात गळ्यात बांधून दाजींच्या घरी आला. ताईने त्याला पीच भरलेला केक वाढला. डाव्या हाताने खाताना त्याची फार तारांबळ उडत होती, म्हणून ट्वायला त्याला तुकडे करून देत होती.

"तिथे लोंबकळत असताना मला एवढंच ऐकू येत होतं," तो तिला म्हणाला. "'तो माणूस वाईट नाहीये.' तुला कसं गं ठाऊक?"

"ठाऊक नव्हतं," ट्वायला म्हणाली. "तिला बरं वाटावं म्हणून म्हटलं."

त्यानंतर आठवडाभर शाळेतली पोरं कुरणाच्या कुंपणावर ओळीने येऊन बसत. सगळ्यांना हॅटीवर बसायचं होतं. ट्वायला म्हणायची, "मला नका विचारू. तिला विचारा." सर्वांत जास्त चिडवणाऱ्या लेलँड ओस्बीने विचारलं नाही, नुसताच चढला, आणि घोडीने त्याला नदीत नेऊन टाकलं. ट्वायलाने त्याला सुका शर्ट आणून दिला. दोघं पुढे बरीच वर्षं चांगले मित्र राहिले.

मग ट्रक येऊन हॅटीला पुढच्या गावांना घेऊन गेला. हिवाळ्याच्या तोंडावर तो परतला तेव्हा ट्वायला नवा कोट घालून दुपारभर फाटकावर बसली होती. फळी खाली टेकली, घोडे एकामागून एक उतरले. हॅटी उतरली, ट्वायलाकडे एकदा पाहिलं आणि सरळ पाण्याच्या टाकीकडे गेली.

"विसरली वाटतं," मी म्हणालो. मला वाईट वाटलं होतं.

"तहान लागलीय तिला," ट्वायला म्हणाली. "लांबून आलीय."

घोडी खूप वेळ पाणी प्यायली. मग तोंड वर करून, हनुवटीवरून पाणी गाळत ती चालत आली आणि सगळं थंडगार थोबाड तिने त्या नव्या कोटाला पुसलं. स्वयंपाकघराच्या खिडकीतून ताई कोटाबद्दल काहीतरी ओरडली. ट्वायलाने कोट काढला, फाटकावर टाकला, आणि गरम पाठीवर पोट टेकून आडवी झाली.