रडकं बटण

मुलाने आमच्या चपलांच्या दुकानात गल्ल्याशेजारी दोन बटणं बसवली, एक हसरं आणि एक रडकं. सेवा कशी वाटली ते गिऱ्हाइकाने जाताना दाबून सांगायचं. रोज रडकंच जास्त वेळा दाबलेलं निघायचं आणि मुलगा विक्रेत्यावर उखडायचा.

"गोड बोलायला दातखीळ बसते का तुझी?"

"दिवसभर त्यांच्या पायाशीच तर असतो, साहेब. आणखी किती वाकू?"

एका दुपारी मी पाहिलं, रडकं बटण आमचे हेच दाबत होते. दुकान यांनी उभं केलेलं. पाऊल आत पडताच माप ओळखायचे. दहादा 'दुसरं दाखवा' म्हणणाऱ्यालाही हसून दाखवायचे. आता यांना काही आठवत नाही. गिऱ्हाइकांच्या बाकावर बसून असतात.

"अहो बाबा, का दाबता?" मुलगा रडकुंडीला आला.

"कधीचा बसलोय. काय हवं म्हणून कुणी विचारत नाही."

मुलगा त्यांच्या पायाशी बसला. "बोला बाबा, काय हवंय?"

"घरी जायचंय."

घर दुकानाच्या वरच आहे. लग्न होऊन मी तिथेच आले. तरी यांना चपला घातल्या, हात धरून चौकापर्यंत फिरवून आणलं, जिना चढवला आणि दार उघडलं.

"आलं बघा आपलं घर."

यांनी खोलीभर नजर फिरवली. मग माझ्याकडे वळून, परक्या बाईशी बोलावं तसं, अदबीने म्हणाले,

"हे नको, बाई. दुसरं दाखवा."