दुसरा जनरेटर

जगनच्या पत्राला महादेव लेले सरांनी उत्तर दिलंच नव्हतं. पत्र दिवाळीत आलं आणि आता लग्नसराई तोंडावर आली. सर फोन उचलायला घाबरतात, हे पळस्प्याच्या या जुन्या विद्यार्थ्याला ठाऊक होतं, म्हणून त्यानं पत्र लिहिलं होतं:

‘सर, अर्थशास्त्राच्या तासाला तुम्ही फळ्यावर दोन रेषा काढल्या होत्या. देशाची कमाई वाढली की इंधनाचा धूरही वाढतो. माझी कमाई वाढली. स्नेहलच्या हळदीला डीजे आणि लायटिंगसाठी दोन डिझेल जनरेटर लावतोय. पोरगी म्हणते, दुसरा आला तर मी हळदीला बसणार नाही. त्या रेषा खऱ्या का खोट्या, ते कळवा.’

निवृत्तीनंतर सरांनी इतकं वाचलं होतं की त्यांची कशाबद्दलच खात्री उरली नव्हती. काही देशांची कमाई वाढून धूर घटला, हे खरं. पण त्यांचा बराच माल दुसऱ्या देशात तयार होतो, हेही खरं. प्रत्येक मसुद्यात एक ‘परंतु’ यायचा आणि त्या परंतुपायी ग्रंथालयातून आणखी एक जाडजूड पुस्तक घरी यायचं.

“स्नेहलच्या बाळाच्या बारशाला तरी पोचेल का उत्तर?” त्यांच्या पत्नी, रंजिताबाई, विचारायच्या.

शेवटी स्नेहलच नवीन पनवेलला सरांच्या घरी येऊन बसली.

“सर, लांबलचक काय नको. ‘एक जनरेटर पुरे’ एवढंच लिहा.”

“पण ते सिद्ध कसं करायचं? एका हळदीवरून…”

“सिद्ध कोणाला पायजे? बाबांनापण दुसरा नकोच हाय. पण भरतकाकांनी त्यांच्याकडच्या हळदीला दोन लावलेले. आमी एक लावला तर भावकी म्हणेल, जगन पैशानं बसला. सरांनीच लिहिलंय म्हटलं का बाबा सुटले.”

“म्हणजे माझं पत्र भावकीत वाचणार?”

“मांडवात. माईकवर.”

“माईक कशावर चालणार?”

“त्या एकावर.”

रंजिताबाईंनी पुस्तकांचा ढीग बाजूला सारून कागद ठेवला. सरांनी लिहिलं, ‘चि. जगन, फळ्यावरच्या रेषा खऱ्या होत्या. पण त्या कायम जोडीनंच वर जायला पाहिजेत, असं नाही. एक जनरेटर पुरे. परंतु…’

रंजिताबाईंनी पेन काढून घेतलं, ‘परंतु’ खोडला आणि सही करण्यापुरतं पेन परत दिलं.

सर पत्र स्नेहलच्या हातात देऊ लागले, तर ती मागे सरली. “माझ्याकडं नको. मीच लिहून घेतलं म्हणतील सगळे. वर पोस्टाचा शिक्का पायजे.”

मग सर स्वतः पोस्टात गेले. पेटीच्या फटीत पाकीट अर्धं सरकवून ते तसेच उभे राहिले. खोडलेला परंतु तसा बरोबरच होता. शिवाय डीजेच्या आवाजाबद्दल एक ओळ तरी…

“काका, टाकताय का?” मागून कुणीतरी विचारलं.

सरांना ओशाळल्यासारखं झालं. “हो हो, तुम्ही टाका आधी,” म्हणत ते बाजूला झाले, तेव्हा पाकीट त्यांच्या हातात नव्हतं.